कॉम्प्युटरची दोस्ती, कॉम्प्युटरचं युद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसा सातबारा आणि पीक विमा, संध्याकाळी मागच्या मशीनवर पोट्टे स्ट्रॅटेजी गेम खेळतात. त्यांचे आणि आसपासच्या गावांतून व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. प्रश्न ज्यानं जसा विचारला तसाच ठेवला आहे. उत्तरं मुख्यतः सिव्हिलायझेशन (पुढे नुसतं सिव्ह), एज ऑफ एम्पायर्स २, टोटल वॉर, युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ आणि मोबाईलवरचं अनसिव्ह यांच्यापुरती आहेत. टर्नचे (टर्न म्हणजे एकेकाची पाळी) आकडे स्टँडर्ड वेगाचे आहेत. डाव जलद किंवा संथ लावला तर ते बदलू शकतात.

१. कॉम्प्युटर खेळते म्हणजे नेमकं कोण खेळते? हा चॅटजीपीटीवालाच एआय आहे का?

नाही. या गेममधला एआय म्हणजे माणसांनी आधीच लिहून ठेवलेले नियम आणि आकडेमोड. दर टर्नला तो आपल्यापुढचे पर्याय तपासतो (शहर वसवायचं, सैन्य वाढवायचं, अमक्यावर चालून जायचं), प्रत्येकाला गुण देतो आणि ज्याचे गुण जास्त ते करतो. त्यात थोडा फाशाचा भाग मिसळलेला असतो, म्हणून दोन डाव सारखे होत नाहीत. त्याचं बोलणं ठरावीक वाक्यांतून निवडलेलं असतं. मागच्या डावातून तो काही शिकत नाही. काल तुम्ही त्याची राजधानी जाळली, हे आजच्या नव्या डावात त्याला ठाऊक नसतं. माणसासारखा बोलणी करणारा एआय झाला आहे का, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

२. तो कधी खूश दिसते, कधी भडकलेला. हे खरं समजायचं का?

चेहरा नाटकाचा, आकडा खरा. सिव्ह ४ (२००५) मध्ये हे सगळ्यात उघड होतं: प्रत्येक राजाच्या नावाशेजारी अधिक-उणे गुणांची यादी यायची. आमच्या धर्माचे आहात म्हणून इतके अधिक, आमच्या शत्रूशी व्यापार करता म्हणून इतके उणे. बेरजेवरून पाच पायऱ्या ठरायच्या, संतापलेल्यापासून दोस्तापर्यंत. त्यानंतरच्या गेमनी यादी थोडीफार झाकली, पण ती आत असतेच. सिव्ह ६ मध्ये त्या राजाबद्दल तुमची माहिती जितकी वाढेल तितकी कारणं उघडी होतात. अनसिव्हमध्ये राजाच्या नावावर टिचकी मारली की आकडे समोर.

एक लहान काम पुष्कळ उपयोगी पडतं. सिव्ह ६ मध्ये नवा राजा भेटला की त्याच टर्नला २५ सोनं देऊन शिष्टमंडळ पाठवा. पहिल्या भेटीत त्याचं मत तुमच्याविरुद्ध गेलेलं नसतं, त्यामुळे तो सहसा घेतो. दहा टर्न थांबलात आणि तेवढ्यात त्याला तुमचं काही खटकलं, तर तेच शिष्टमंडळ दारातून परत येतं.

३. मी त्याले काहीच नाही केलं, तरी त्यानं युद्ध काऊन पुकारलं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर बहुतेक वेळा एकच: तुम्ही काहीच केलं नाही, म्हणजे सैन्यसुद्धा केलं नाही.

युद्ध करायचं की नाही हे ठरवताना कॉम्प्युटर आधी राग मोजत नाही, ताकद मोजतो. त्याचं सैन्य भागिले तुमचं सैन्य, हा त्याच्या हिशेबातला सगळ्यात वजनदार आकडा. मग तुमचं शहर त्याच्या शहरापासून किती लांब आहे ते येतं. जवळचं शहर म्हणजे स्वस्तातली लूट. आधीच दुसरीकडे लढाई चालू असेल तर गुण कमी होतात. तुमच्याकडून त्याला लोखंड, घोडे, रेशीम असा काही माल येत असेल तरी कमी होतात. राग, मैत्री, निंदा हे या बेरजेत नंतर मिसळतं. अनसिव्हचा कोड खुला आहे. तो वाचला तर ही यादी जवळपास याच प्रकारची दिसते.

म्हणून सात शहरं, सुंदर वाचनालयं, भरलेला खजिना आणि प्रत्येक शहरात एक म्हातारा भालाईत, असा डाव मांडून पोट्टं म्हणते की मी तर शांततेत खेळत होतो. कॉम्प्युटरच्या नजरेत ती शांतता नाही, उघडं गोदाम आहे. सिव्ह ४ मध्ये काही राजे खूश असतानाही चालून यायचे, आणि कॅथरीन तर दोस्त म्हणवून घेऊनही युद्ध पुकारायला मागेपुढे पाहायची नाही.

उपाय साधा. शेजाऱ्याच्या बाजूच्या एक-दोन शहरांत तटबंदी बांधा, तिथे धनुर्धारी ठेवा, आणि जुन्या तुकड्या वेळेवर अपग्रेड करा. लढाई करायचीच नसली तरी. या खर्चाला लोक वाया गेलेला खर्च म्हणतात; मला तो विम्याच्या हप्त्यापेक्षा बरा वाटतो, कारण याचा परतावा तरी नक्की मिळतो.

४. नुसता शेजारी आहे म्हणून चिडते, हे काय लॉजिक?

शेतात धुऱ्यावरून भांडण होते तसंच. पाच कोसांवरच्या माणसाशी कोणी वाद घालत नाही, वाद होतो तो ज्याचा धुरा आपल्या धुऱ्याला लागून आहे त्याच्याशी.

गेममध्ये हे मुद्दाम घातलेलं असतं. सीमा भिडल्या, त्याच्या तोंडासमोर तुम्ही शहर वसवलं, त्यानं हेरून ठेवलेली जागा तुम्ही घेतली, तर प्रत्येक गोष्टीचे उणे गुण. सिव्ह ६ मध्ये चंद्रगुप्त मौर्य आहे, २०१८ च्या विस्तारात (मूळ गेमला नंतर जोडलेला भाग) आलेला. त्याचा स्वभावच असा लिहिला आहे की जवळचे आवडत नाहीत, दूरचे आवडतात. हे कौटिल्याच्या मंडल सिद्धांतातून घेतलेलं आहे: सीमेला लागलेला राजा शत्रू, आणि त्याच्या पलीकडचा राजा आपला मित्र. त्याच्या खास क्षमतेचं नावच अर्थशास्त्र आहे. तो शेजारी आला तर गोड बोलून फारसं साधणार नाही. त्याच्या पलीकडच्या राजाशी दोस्ती करा. कौटिल्यानंही तेच सांगितलं असतं.

५. चाल होणार हे आधी कळू शकते का?

बहुतेक वेळा कळतं, आपण बघत नाही.

सिव्ह ६ मध्ये आधी जाहीर निंदा होते. निंदेनंतर ५ टर्न गेले की रीतसर युद्ध पुकारता येतं. निंदेचा निरोप आला की पोट्टे एस्केप दाबून तो बंद करतात आणि सहाव्या टर्नला ओरडतात. अचानक युद्धही करता येतं, पण त्याची बदनामी जास्त, म्हणून निंदा झाली की ५ टर्नांची मुदत मिळाली असं समजून कामाला लागा.

सिव्ह ४ खेळणाऱ्यांना एक जुनी खूण माहीत असते. राजाला सांगून बघा, चल, अमक्यावर आपण दोघं मिळून हल्ला करू. त्यानं नाही म्हणण्याचं कारण "सध्या आमच्या हाती आधीच पुष्कळ काम आहे" असं दिलं, आणि तो कुठे लढत तर दिसत नाही, तर तो कोणावर तरी चालून जायची तयारी करतोय. कोणावर, हे तो सांगत नाही. त्याचं सैन्य कोणत्या सीमेवर गोळा होतंय ते बघा. तुमच्या बाजूला असेल तर तुमचंच नाव.

फ्रीसिव्ह (सिव्हसारखाच, पण फुकट आणि खुल्या कोडचा गेम) याचा कॉम्प्युटर यात सगळ्यात सभ्य: चाल करायच्या आधी आपल्या मित्रांना अमक्यावर इतक्या टर्नांनी चढाई करतोय असा निरोप पाठवतो.

६. मैत्रीचा करार केला की बिनघोर झोपायचं का?

मुदतीपुरतं. सिव्ह ६ मध्ये मैत्रीची घोषणा ३० टर्न चालते आणि तेवढ्या काळात युद्ध पुकारताच येत नाही; तिथे गेमच हात धरतो. युद्धानंतरच्या तहाची मुदत १० टर्न. युरोपा युनिव्हर्सॅलिसमध्ये तह ५ ते १५ वर्षांचा, तुम्ही जितकं जास्त ओरबाडलं तितका लांब. तो मोडता येतो, पण राज्याचं स्थैर्य एकदम ५ ने घसरतं.

अठ्ठाविसाव्या टर्नला कॅलेंडर बघायची सवय लावा. एकतिसाव्या टर्नला जुना हिशेब (प्रश्न ३) पुन्हा चालू होतो.

७. दोस्त कॉम्प्युटर युद्धात उतरला, पण लढायलेच येत नाही. नुसता घरी बसते.

दोस्त हे नाव करारापुरतं असतं. करारानं तो युद्धात आला, म्हणजे शत्रूशी त्याचा व्यापार तुटला एवढंच नक्की. सैन्य कुठे पाठवायचं हे तो स्वतःच्याच हिशेबानं ठरवतो, आणि त्याच्या हिशेबात तुमचं वेढलेलं शहर फार वर नसतं.

याला आपल्या भागातला दाखला आहे. १८०३ साली इंग्रजांविरुद्ध शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले एकत्र आले. यशवंतराव होळकर बाजूला राहिले. २९ नोव्हेंबरला अडगावला (आज अकोला जिल्हा) पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. होळकर इंग्रजांशी लढले, पण पुढच्या वर्षी आणि एकटेच. तीन मोठी सैन्यं एका वर्षी एका मैदानात आलीच नाहीत. कॉम्प्युटर-दोस्त जमवताना हे ध्यानात असू द्या.

गेमपुरते उपाय असे. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये चॅटमध्ये आकडे टाकून दोस्त कॉम्प्युटरला हुकूम देता येतात: ३१ टाकला की शत्रूवर हल्ला कर, ३ म्हणजे अन्न दे, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड, ४२ म्हणजे तू कोणत्या युगात पोचलास. त्याच्याकडे बाजार असेल आणि माल शिल्लक असेल तर तो देतोही. पाठवलेल्या मालावर सुरुवातीला ३० टक्के कर कापला जातो, हे त्याच्यावर रागावण्याआधी लक्षात घ्या. युरोपा युनिव्हर्सॅलिसमध्ये बोलावण्याआधीच तो येईल की नाही ते दिसतं. नकाराची कारणं ओळीनं असतात: कर्ज आहे, युद्ध फार लांबचं आहे, वगैरे. ती न वाचता युद्ध पुकारणाऱ्यानं दोस्ताला शिव्या देऊ नयेत.

८. हरत असला तरी तह काऊन करत नाही? आणि कधी एकदमच सगळं देऊन टाकते?

कारण त्याची बेरीज एका रेषेच्या अलीकडे असते किंवा पलीकडे. जिंकलेली शहरं, मेलेलं सैन्य, युद्धाला झालेला काळ, उरलेली ताकद, हे सगळं मिळून एक आकडा होतो. रेषेच्या अलीकडे तो एक छदाम देत नाही, आणि एखादा मोठा किल्ला पडला की रेष ओलांडून अर्धं राज्य टेबलावर ठेवतो. खरी माणसंही कधी कधी अशीच वागतात. गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांत, १७ डिसेंबर १८०३ ला, भोसल्यांनी देवगावचा तह केला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. शिंद्यांनी आपला वेगळा तह ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला केला. दोघं एकत्र लढले, तह मात्र वेगवेगळे. गेममध्येही तुमचा साथीदार असा मधेच बाजूला होऊ शकतो.

व्यवहारात करायचं इतकंच: लहान लहान गावं घेण्यात वेळ घालवू नका, ज्याला गुण जास्त ते ठाणं आधी घ्या आणि दर पाच-सहा टर्नांनी तहाचा पडदा उघडून बघा. तो आपणहून विचारायला येईलच असं नाही.

९. एकच शहर घेतलं, तर सारं जग विरोधात गेलं. एवढं काय केलं मी?

गेम लिहिणाऱ्यांना भीती असते की एकदा कोणी पुढे गेला की डाव तिथेच संपतो. म्हणून पुढे जाणाऱ्याच्या पायात अडकवायला काहीतरी ठेवलेलं असतं. सिव्ह ५ मध्ये युद्धखोर म्हणून शिक्का बसायचा आणि तो पुसता पुसत नसे. सिव्ह ६ ला २०१९ च्या विस्तारात तक्रारींचा हिशेब आला आणि मामला थोडा न्यायाचा झाला: आधी त्यानं तुमच्याशी वाईट केलं असेल, तर तेवढ्या मापानं तुम्ही केलेलं वाईट जगाला खपतं. युरोपा युनिव्हर्सॅलिसमध्ये आक्रमक विस्ताराचे गुण प्रत्येक देशाच्या मनात वेगळे जमतात. ५० च्या वर गेले की ते देश एकत्र येऊन तुमच्याविरुद्ध आघाडी करतात. शेजाऱ्यांत ते जास्त जमतात, दूरच्यांत कमी. म्हणून जाणते खेळाडू एकदा पूर्वेकडे घेतात, एकदा पश्चिमेकडे.

सगळ्यात निर्दय टोटल वॉर: शोगुन २ (२०११). तिथे तुमची कीर्ती ठरावीक मर्यादेवर गेली की शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) तुम्हाला शत्रू ठरवतो आणि जवळजवळ सगळी घराणी उलटतात. जुने दोस्तही हळूहळू जातात. मला हे आवडत नाही. वीस वर्षं पाळलेली दोस्ती एका पडद्यावर संपते, त्यात मुत्सद्देगिरी कुठली? पण तो क्षण येणार हे माहीत असेल तर त्याआधी खजिना भरून ठेवता येतो.

१०. हार्ड लेव्हलवर कॉम्प्युटर हुशार होते का चिटिंग करते?

बहुतेक गेममध्ये दुसरं. सिव्ह ६ मध्ये प्रिन्स ही मधली पातळी, तिथे कोणालाच सूट नाही. तिच्यावर जसजसे जाल तसतसं कॉम्प्युटरला उत्पादन, विज्ञान, लढाईतली ताकद यांत जादा मिळत जातं. डीइटीवर (सगळ्यात वरची पातळी) तर तो एका वसाहतकाराऐवजी (नवं शहर वसवणारी तुकडी) ३ घेऊन डाव सुरू करतो. डोकं मात्र जवळपास तेच. म्हणून डीइटीवर पहिले शंभर टर्न जीव वाचवायचा आणि नंतर तोच ढिसाळ कॉम्प्युटर समोर येतो.

जुन्या एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये सर्वात कठीण पातळीवर कॉम्प्युटरला फुकटची सामग्री मिळायची. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये हे बंद केलं. त्यातला एक्स्ट्रीम कॉम्प्युटर खरोखर चांगला खेळतो. पोट्ट्यांना पटत नाही, पण त्याला फुकट काही मिळत नाही, तो गावकऱ्यांना एक क्षण रिकामं बसू देत नाही एवढंच. फ्रीसिव्ह याबाबत सरळ आहे: त्यात एका पातळीचं नावच "लबाडी" असं ठेवलेलं आहे.

सिव्ह ४ चा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यानं २००८ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत याच विषयावर भाषण केलं होतं. त्याचा रोख असा की या कॉम्प्युटरला जिंकायला बसवलेलंच नाही, चांगला डाव देऊन हरायला बसवलं आहे. लबाडी चालते, फक्त ती खेळणाऱ्याला अन्यायाची वाटली नाही पाहिजे.

११. त्याले सारा नकाशा आधीच दिसते का?

गेमगणिक वेगळं. फ्रीसिव्हमध्ये धुक्यापलीकडे न पाहणं हे कॉम्प्युटरवर घातलेलं बंधन म्हणून कोडमध्ये लिहिलं आहे. सोप्या पातळीवर अशी बंधनं जास्त, अवघड पातळीवर कमी. ज्या गेमचा कोड बंद आहे तिथे एकच कसोटी: नकाशाच्या कोपऱ्यात, जिथे त्याचं कोणी आलं नाही, तिथे एक उघडं शहर ठेवा आणि तो तिकडे वळतो का बघा.

१२. एवढं सैन्य आणलं त्यानं, तरी माझं एक शहर घेता नाही आलं. असं कसं?

कारण मोजणं वेगळं आणि चालवणं वेगळं. सिव्ह ४ पर्यंत एका चौकोनात कितीही तुकड्या रचता यायच्या. कॉम्प्युटर मोठा ढीग करायचा आणि ढकलायचा. सिव्ह ५ (२०१०) पासून एका षटकोनात लढणारी एकच तुकडी. आता पुढे ढाल, मागे धनुर्धारी, बाजूनं घोडदळ, नदी ओलांडायची की नाही, हे सगळं प्रत्येक तुकडीसाठी वेगळं ठरवावं लागतं, आणि अशा मांडण्या मोजता न येण्याइतक्या होतात. म्हणून त्याच्या तोफा सगळ्यात पुढे येऊन मरतात आणि तलवारवाले मागे डोंगरात अडकून बसतात. अरुंद खिंडीत शहर असेल तर तीन धनुर्धाऱ्यांवर त्याची दहा-बारा पथकं थोपवता येतात.

एम्पायर: टोटल वॉर (२००९) आपल्याकडे मराठे घेऊन खेळता येतं म्हणून लोकप्रिय आहे. तो बाजारात आला तेव्हा कॉम्प्युटरला जहाजांतून सैन्य उतरवून हल्ला करताच येत नसे; पॅचनं ते नंतर सुधारलं. जुनी, न सुधारलेली प्रत खेळणारे म्हणतात इंग्रज लय घाबरट आहेत. त्यांना समुद्र ओलांडता येत नाही, बस.

१३. पैसे देऊन दोघा कॉम्प्युटरांत भांडण लावता येते का?

येतं, आणि सिव्ह ५ मध्ये तर हा धंदाच होता. थोडं सोनं आणि एखादी चैनीची वस्तू दिली की बलाढ्य शेजारी तिसऱ्याच दिशेला निघायचा. तो लढण्यात गुंतला की तुमच्यावर यायची शक्यता उतरते (कारण प्रश्न ३ मध्ये). मात्र दोघांपैकी एकजण दुसऱ्याला गिळून दुप्पट झाला तर पुढचा नंबर तुमचा, तेव्हा भांडण बरोबरीच्यांतच लावा.

याच्या जोडीची एक पळवाट होती: कॉम्प्युटरकडून एकरकमी सोनं घ्यायचं, बदल्यात दर टर्नला थोडं देतो म्हणायचं आणि लगेच युद्ध पुकारून हप्ते बुडवायचे. पुढे गेमनं ती बुजवली: एकरकमी सोनं फक्त मैत्री जाहीर केलेल्यांतच देता येऊ लागलं.

१४. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यात आहे, आणि गेममध्ये गांधीजी अणुबॉम्ब टाकतात. हे कोणी केलं?

वर्ध्याच्या एका ताईनं चांगलंच रागावून विचारलं होतं. इंटरनेटवर गोष्ट अशी फिरते: १९९१ च्या पहिल्या सिव्हमध्ये गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही आली की ती २ ने कमी व्हायची, उणे आकडा धरता येत नसल्यानं १ चे थेट २५५ व्हायचे आणि गांधी पेटून उठायचे. गोष्ट झकास आहे, पण खोटी. सिव्हचा जनक सिड मायर यानं २०२० मध्ये आपल्या आठवणी लिहिताना ती साफ नाकारली. त्या गेममध्ये आक्रमकतेच्या मोजक्याच पायऱ्या होत्या, २५५ पर्यंत जायचा प्रश्नच नव्हता. गांधी विज्ञानात पुढे जायचे, त्यामुळे त्यांच्याकडे अणुबॉम्ब लवकर यायचा, आणि बॉम्ब असलेला कोणताही राजा जी धमकी द्यायचा तीच तेही द्यायचे. ती गांधींच्या तोंडून आली म्हणून लक्षात राहिली.

खरी गंमत पुढची. सिव्ह ५ चा रचनाकार जॉन शेफर यानं अणुबॉम्ब बनवणं आणि वापरणं याबाबतचा गांधींचा आकडा मुद्दाम १२ ठेवला, जिथे बाकीच्यांचे आकडे १० च्या मापात असतात. सिव्ह ६ मध्येही त्यांच्या छुप्या स्वभावात अणुबॉम्बची आवड निघण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त ठेवली. म्हणजे जुनं पाप नव्हतंच, नवं मात्र हौसेनं केलं आहे. ताईंचा राग मला रास्त वाटतो. विनोद सातासमुद्रापलीकडचा आहे आणि सेवाग्राम इथून अर्ध्या तासावर.

१५. लाइट गेली, सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडला, तर या वेळी त्यानं हल्लाच नाही केला. नशीब बदलते का?

सिव्हमध्ये फाशांचा क्रम सेव्हसोबत साठवलेला असतो. पुन्हा उघडून अगदी त्याच क्रमानं त्याच चाली केल्या तर सहसा तेच घडतं. तुम्ही एक तुकडी आधी हलवली, एक लढाई नंतर केली, की फासे वेगळ्या कामाला लागतात आणि पुढचं बदलतं. सिव्ह ४ आणि ५ मध्ये डाव मांडतानाच, पुन्हा लोड केल्यावर नवे फासे घ्यायचे का, हा पर्याय मिळतो. सैन्याच्या तुलनेवर ठरलेलं युद्ध मात्र लोड करून टळत नाही. फार तर दोन टर्न पुढे जातं. ऑटोसेव्ह दर टर्नला ठेवा. भारनियमन फॉर्म भरणाऱ्याला सोडत नाही, तुम्हाला कशाला सोडेल?

याच्याच जोडीला विचारतात: मशीन जुनं असेल तर कॉम्प्युटर मठ्ठ होतो का? नाही. सिव्हमध्ये तो तितकाच विचार करतो, फक्त वेळ जास्त घेतो. एज ऑफ एम्पायर्समध्ये चारजण जोडून खेळत असाल तर सगळ्यांचा खेळ एकाच तालात चालतो, त्यामुळे एक मशीन रेंगाळलं की चौघांचा डाव रेंगाळतो.

१६. माणसासारखी बोलणी करणारा, थापा ओळखणारा कॉम्प्युटर झाला आहे का?

एक झाला आहे, पण तुमच्या गेममध्ये नाही. डिप्लोमसी नावाचा १९५९ चा पटावरचा खेळ आहे. पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपातल्या सात सत्ता, आणि सगळा खेळ बोलणीवर. मेटा कंपनीनं २०२२ मध्ये सिसेरो नावाचा एआय त्यात उतरवला. ऑनलाइन ४० डावांत, एकाहून जास्त डाव खेळलेल्या माणसांच्या तुलनेत तो वरच्या १० टक्क्यांत आला. तो माणसांशी लिहून बोलत होता, योजना आखत होता. त्याला खरं बोलायला शिकवलं असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. त्याचे निरोप तपासून काही संशोधकांनी नंतर दाखवलं की तो शब्द देऊन फिरलाही. आपल्या मोबाईलमधल्या राजाला यातलं काही येत नाही.

१७. माझ्यापाशी फक्त साधा अँड्रॉइड फोन आहे अन् गावात रेंज नाही. काय खेळू?

अनसिव्ह. फुकट आहे, नियम सिव्ह ५ चे आहेत, एकदा डाउनलोड केला की नेट लागत नाही. चित्रं साधी, त्यामुळे जुना फोनही ओढतो. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत बसून खेळणारे मी पाहिले आहेत, आणि रांग बघता डाव पूर्ण होतो.

१८. सगळे शत्रू संपले. आता फक्त दोस्त कॉम्प्युटर उरला आहे. त्याच्याशीही लढायचं का?

एज ऑफ एम्पायर्समध्ये टीम आधीच ठरलेल्या असतील तर नाही. शत्रू संपले की तुम्ही दोघंही जिंकता. सिव्ह ६ मध्ये तुम्ही दोघं एका टीममध्ये नसाल आणि सत्तेचा विजय हवा असेल, तर सगळ्यांच्या मूळ राजधान्या तुमच्याकडे लागतात, दोस्ताचीसुद्धा. युती चालू असताना युद्ध पुकारता येत नाही, म्हणून तिची ३० टर्नांची मुदत संपू द्या आणि नव्यानं करू नका. मैत्रीची घोषणा वेगळी चालू असेल तर तीही तपासा. तोवर त्याचे रस्ते वापरून राजधानीची तटबंदी पाहून घ्या आणि तोफा आपल्याच हद्दीत, पण जवळ उभ्या करा. बदनामीची काळजी या टप्प्यावर करायची नाही. तक्रार ऐकायला नकाशावर तिसरं कोणी उरलेलं नसतं.